वहिवाटीच्या रस्त्यावरचा लेख

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी जळगावच्या एका नावाजलेल्या दिवाणी वकिलांच्या ऑफिसात शिकायला जात असे. ऑफिसचं दरमहा एक पत्रक निघायचं. त्यात नवे निकाल, वकिलांची मतं आणि आम्हा विद्यार्थ्यांच्या बातम्या असत. सायक्लोस्टाइल केलेलं ते पत्रक तालुक्यातालुक्याच्या बाररूममध्ये जाई.

मी पंधरा दिवस खपून शेतातल्या वहिवाटीच्या रस्त्यावर लेख लिहिला. वीस वर्षं उघडपणे, हक्कानं वापरलेला रस्ता शेत विकलं म्हणून बंद होत नाही, असा. पत्रक निघालं तेव्हा लेखाखाली सरांचं नाव होतं. माझ्याबद्दल शेवटच्या पानावर एक ओळ होती: आमच्या एका विद्यार्थिनीचा साखरपुडा झाला.

मी विचारायला गेले. सर फाइलमधून मान वर न करता म्हणाले, "तुझ्या नावानं कोण वाचणार गं? आणि आता धुळ्याला जाऊन पोळ्याच लाटायच्या आहेत ना?"

ते पत्रक मी लग्नाच्या साड्यांच्या घडीत ठेवून धुळ्याला नेलं. सासरच्यांच्या नाराजीतही शिक्षण पुरं करून वकिलीची सनद काढली, कोर्टात जाऊ लागले.

आठ-नऊ वर्षांनी एक म्हातारे शेतकरी, आबा, माझ्याकडे आले. शेजारचं शेत ज्यानं विकत घेतलं, त्यानं यांच्या गाडीवाटेवर काटेरी तारा ठोकल्या होत्या. समोरचा वकील कोण, हे कळलं तेव्हाच मी दावा घेतला. आबांची दया वगैरे नंतर आली. खोटं कशाला सांगू.

सर जळगावहून गाडीनं आले. मालक बदलला की जुनी वहिवाट संपते, असं त्यांनी तासभर ठासून सांगितलं. मी मध्ये एकदाही उठले नाही. मग उभी राहिले आणि पत्रक काढून लेखकाच्या नावासकट वाचायला लागले. शब्द न् शब्द मला पाठ होता.

न्यायाधीश म्हणाले, "बाई, लेख म्हणजे कायदा नव्हे." मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "पण हे मत तुमचंच ना?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर चोरी उघडी पडणार होती. "माझंच," ते म्हणाले आणि पडलेल्या चेहऱ्यानं खाली बसले. त्यानंतर त्यांचा युक्तिवाद काही उभा राहिला नाही, आणि तारा काढून पुन्हा वाट अडवू नये असा मनाई हुकूम आम्हाला मिळाला.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. "चार लोकांत हे करायची गरज होती का?"

"होती," मी म्हणाले.

आबा पायरीवर थांबले होते. "बाई, आते गाडी जाई का वावरमा?"

"जाई, आबा."

त्यांनी हात जोडले, आणि मला पहिल्यांदा थोडं ओशाळल्यासारखं झालं. पण ते आबांपुरतंच. सरांचा तो पडलेला चेहरा आठवला की मला अजूनही बरं वाटतं.