घोडीवरून उतरलेली बाई

सिव्हिल लाइन्सच्या तबेल्यात मी घोड्यांचा मोतद्दार होतो. एका साहेबाची बायको रोज सकाळी घोडीवर बसायले येई. नाव मी कधी विचारलं नाही. बसायच्या आधी घोडीच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची, जशी परवानगी मागून राहिली.

तिले पाचवा महिना लागला अन् साऱ्यांच्या जिभा सुटल्या. नवरा म्हणे, बंद कर. तबेल्यासमोर चहा पीत बसणारे बुढे साहेब म्हणत, "बाईसाहेब, पोटाची काळजी घ्या."

तिनं मले विचारलं, "गाभण घोडीवर जीन घालणं कधी थांबवता?"

"जीन पाहून ती पाठ चोरते तवा, बाई."

"मग माझंही तसंच."

एका सकाळी तिनं रिकिबीत पाय घातला अन् परत काढला. "आज अंग नको म्हणतंय."

बुढे साहेब हसले. "शेवटी आमचं ऐकलंत ना?"

तेव्हाच माझी बायको डोक्यावर लिदीची टोपली घेऊन समोरून चालली होती. तिले आठवा महिना होता.

"हिला का नाही सांगत काळजी घ्यायला?" बाई म्हणाली. मग बायकोकडे वळली. "ठेव गं ती टोपली खाली."

बुढ्या साहेबांनी कपात तोंड घातलं. बाई पुन्हा आली नाही.

औंदा बायको गेली. तेरवीले लोकं म्हणत होते, लय कष्टाळू होती. माह्या अंगाची आग झाली. उभ्या जन्मात तिले टोपली ठेव म्हणणारी एकच बाई भेटली, अन् तिचं नाव मले माहीत नाही.