दुसरं कटर

रिहे गावात आमच्या दोन घरांत मिळून लाकूड कापायचं एकच मशीन होतं. दुकानात त्याला चेन सॉ म्हणतात, गावात सगळे कटर म्हणतात. मी पिरंगुटच्या कारखान्यातून निवृत्त झालो तेव्हा दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, आणि मी ते मिळून घेतलं होतं. पेट्रोलवर चालणारं, जड. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला की मगच ते सुरू व्हायचं.

आमची घरं शेजारी शेजारी. दोन्हीकडे गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी बंबात तापतं आणि भाकरी चुलीवर होते, त्यामुळे सरपण लागतंच. भात झोडून झाला की बांधावरची वाळलेली, वादळात आडवी झालेली झाडं आम्ही कापायला घ्यायचो. कटर दादाच्या हातात. मी ओंडका धरायचो, सरकवायचो, कापलेले तुकडे बाजूला रचायचो.

त्या आधी काही वर्षं वरची जमीन विकण्यावरून घरात बिनसलं होतं. जमीन शेवटी सगळ्यांच्या संमतीनं गेली, पण माझी बायको आणि वहिनी एकमेकींशी बोलायच्या बंद झाल्या त्या झाल्याच. आम्ही भाऊ भांडलो नव्हतो. तरी घरात अबोला असताना एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसणं अवघड होतं. रस्त्यात भेटलो तर पावसापाण्याचं बोलायचं आणि पुढं व्हायचं.

लाकूड कापताना मात्र वेगळं असायचं. टाकीतलं पेट्रोल संपलं की मशीन निवेपर्यंत थांबावं लागे. दादा कानस काढून चेनला धार लावायचा, मी शेजारी ओंडक्यावर बसायचो, आणि बोलणं निघायचं. त्याच्या गुडघ्याचं, लेकीच्या सासरचं, कुणाच्या शेतात बंगला उठतोय त्याचं. एकदा धार लावता लावता, मान वर न करता तो म्हणाला, "कारखान्यात आधी मला बोलावनं आलं व्हतं. म्हाईत हाय का तुला?"

मला माहीत नव्हतं.

"आबा म्हनले, थोरला शेतावर पायजे. मग तू गेलास." आबा म्हणजे आमचे वडील.

"मला कुणी सांगितलं न्हाई कधी."

"सांगून काय करायचं व्हतं?" त्यानं चेनवर फुंकर मारली. "चल, धर. निवलंय आता."

नोकरीची सगळी वर्षं मी त्याच्या वाट्याची बस पकडून कामाला जात होतो, हे मला त्या ओंडक्यावर कळलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.

पुढं माझ्या मुलानं घरामागे दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्याची मंडळी येऊन राहू लागली. त्यांना चुलीवरचं जेवण हवं आणि बंबाचं गरम पाणीही हवं. सरपण एकदम दुपटीनं लागायला लागलं. दर वेळी दादाच्या पडवीतून कटर मागून आणायचं, त्याची सवड बघायची, हे मुलाला पटेना. "आपलं एक वेगळं घेऊ," तो म्हणाला. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी दादाला विचारलं, बघायला येतोस का. तो धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून आला.

पिरंगुटच्या दुकानात त्यानं घाई केली नाही. एकेक मशीन उचलून वजन बघितलं, मूठ धरून बघितली. दुकानदारानं विचारलं, "घरच्या लाकडाला पायजे का धंद्याला?" दादाच म्हणाला, "घरच्या." करंटवरचं एक होतं, पण त्याची वायर शेतात कुठवर ओढणार? बॅटरीवरचं त्यानं कौतुकानं हातात घेतलं आणि ठेवून दिलं. "आंब्याच्या बुंध्याला हे रडंल," म्हणाला. मग पेट्रोलवरचंच, पण आमच्या जुन्यापेक्षा आखूड पट्टीचं आणि बरंच हलकं असं एक त्यानं माझ्या हातात दिलं.

"हे तुझ्या हाताला बरं हाय."

"घेऊ का मग?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं. मग म्हणाला, "घे की. तुला लागतंय."

दुकानदारानं मशीनचा आवाज अडवायला कानावर लावायची टोपणं सोबत दिली. जुन्या मशीनसोबत ती आम्ही कधी घेतली नव्हती. येताना चहा पिताना दादा म्हणाला, आता दोघं मिळून दुप्पट काम उरकू.

पहिले काही दिवस उरकलंही. पण दोन मशीनं चालू असताना बोलणं कसलं होणार? माझं पेट्रोल संपायचं तेव्हा त्याचं चालू असायचं, त्याचं संपायचं तेव्हा माझं. पुढं माझ्या वेळा पाहुण्यांवर ठरू लागल्या आणि तो सकाळी आपलं आपलं कापू लागला. भांडण नाही, तंटा नाही. फक्त आम्ही ओंडक्यावर बसायचे बंद झालो.

ते झालं त्या दिवशी दोघंही आपापल्या घरामागे कापत होतो. त्याच्याकडे उतारावर वादळात पडलेलं जांभळाचं झाड होतं. धरायला कुणी नाही. कापलेला बुंधा घरंगळला आणि त्याचा पाय खाली सापडला. तो हाका मारत राहिला. मी कानांवर टोपणं लावून सुबाभळीच्या फांद्या तोडत होतो, तिथून फार तर हाकेच्या अंतरावर.

पाठीवर थाप बसली म्हणून वळलो तर बायको. तिनं माझ्या कानांवरचं ओढून काढलं. "चला आधी! भावजी अडकल्यात!"

वहिनी धावत आमच्या दारात आली होती. इतक्या वर्षांनी तिनं माझ्या बायकोला मारलेली पहिली हाक म्हणजे, "अगं धाव गं, उचलंना मला!"

आम्ही तिघांनी पहार लावून बुंधा हलवला आणि दादाला ओढून काढलं. नडगी मोडली होती. चेहरा पांढराफटक. गाडीत घालताना तो मलाच म्हणाला, "तुझं मशीन ऐकू येत व्हतं मला. म्हनलं, बंद झालं की ऐकंल."

डॉक्टरांनी सळई घातली. हाड जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. दादानं लाकूडकाम सोडलं. त्याच्या मुलानं छपरावर पाणी तापवायचा सोलर बसवला, चुलीचं काम थांबवलं. एका सकाळी जुनं कटर माझ्या ओट्यावर आणून ठेवलेलं दिसलं. मी विचारायला गेलो तर दादा म्हणाला, "मला काय करायचं आता? तुला दोन असू देत."

त्यानंतर मी बऱ्याचदा त्याच्याकडे बसायला गेलो. वहिनी चहा द्यायची, तो खुर्चीत, मी समोर. बोलायला काही मिळायचं नाही. हातात काम नसताना समोरासमोर बसून बोलायची सवय आम्हां भावांना कधी लागलीच नाही. चहा संपला की मी उठायचो.

गेल्या श्रावणात ऊन असं पडलंच नाही. आमच्या खोऱ्यात ढग उतरले की दिवसेंदिवस हलत नाहीत, आणि सोलर काय करणार? बायको म्हणाली, गार पाण्यानं त्यांचा पाय ठणकत असंल, बादली न्हेऊन द्या. मी डोक्यावर पोतं घेऊन, बंबाचं कढत पाणी घेऊन गेलो.

दादा पडवीतच होता. बादलीतल्या वाफेकडं बघत म्हणाला, "दुकानात मी म्हननार व्हतो, नको घेऊ दुसरं म्हनून."

"मग म्हनला का न्हाईस?"

"तुला वाटलं असतं, पाहुणे यायला लागले म्हनून ह्याच्या पोटात दुखतंय."

मला तसं वाटलं नसतं असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर नक्की सांगता येत नाही. मीही त्या दिवशी तो "नको" म्हणेल याची वाट बघत होतो, हे त्याला सांगावं असं मनात आलं. पण तेवढ्यात तो काठी टेकत उठला आणि मोरीकडे गेला.

वहिनीनं पाणी ओतून घेतलं आणि रिकामी बादली माझ्या हातात दिली. "भावजी, तुमच्या खोल्यांत पाऊस आत येतोय का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. मोरीतून तांब्याचा आवाज येऊ लागला. मी पोतं डोक्यावर घेतलं आणि घरी आलो.