तीन देशांत आईचं वजन

आमच्या घरच्या ग्रुपवर जवळजवळ दीड वर्ष दर रविवारी आईच्या पायांचा फोटो पडायचा. काट्यावर उभी असलेली दोन सुजलेली पावलं आणि पुढे आकडा. आई ज्याच्याकडे असेल त्यानं फोटो टाकायचा आणि बाकीच्या दोघांनी त्यावर तोंडसुख घ्यायचं, असा आमचा नेमच झाला होता. दादा अमेरिकेत, धाकटी बहीण जर्मनीत आणि मी इथे टोकियोत, हिगाशी-कसाईत. बाबा गेल्यापासून आई आळीपाळीने आमच्याकडे येते आणि व्हिसा संपला की जाते. वजनाची भानगड तिच्या गुडघ्यांमुळे सुरू झाली. पुण्यातलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी उतरायची म्हणजे तिला पाव तास लागतो, म्हणून ती उतरतच नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, अठ्ठ्याहत्तरचे अडुसष्ट करून आणा, मग गुडघे बदलू.

ती आधी दादाकडे सहा महिने राहिली आणि चौऱ्याऐंशी होऊन परत आली. धाकटीला निमित्तच हवं होतं. ती ग्रुपवर निबंध लिहायला लागली. अमेरिकन माणसं गाडीत खातात, टीव्हीसमोर खातात, चालताना खातात. त्यांचा लहान ग्लास म्हणजे आमच्याकडे तिघांचं सरबत. युरोपात माणूस टेबलाशी बसून जेवतो आणि बेकरीपर्यंत पायी जातो, म्हणून तो आटोपशीर राहतो. दादा चिडून लिहायचा, "तुमच्याकडचे लोक काय हवा खातात का? ते चीज, ते सॉसेज, ती बिअर कुणासाठी बनते मग? आणि जाड माणूस दिसला की तो टुरिस्ट, असंच ना तुझं?" दोघंही तावातावाने दोन खंडांची वकिली करत होते आणि दोघांचीही पोटं व्हिडिओ कॉलमध्ये टेबलाला टेकलेली दिसत होती. माझंही काही वेगळं नव्हतं, पण मी कॅमेरा गळ्याच्या वर धरायचे.

मधले काही महिने पुण्यात काढून आई धाकटीकडे गेली आणि तिथून थेट माझ्याकडे आली, तेव्हा काटा शहात्तरवर आला होता. धाकटीने ग्रुपवर लिहिलं, "आता बोल, दादा." 

आणि मग माझी पाळी. मी कबूल केलं पाहिजे की मला गुदगुल्या होत होत्या. अमेरिका आणि युरोप भांडून दमले, आता मी दाखवते, असं माझं चाललेलं. जपानमध्ये खाण्याची शिस्त आहे, हे मी ऑफिसातल्या लोकांकडे बघून ठरवून टाकलं होतं. शिवाय मला अनुभव होता. इथे कंपनीच्या वार्षिक तपासणीत चक्क टेप लावून कंबर मोजतात. माझी कंबर मर्यादेच्या दोन बोटं बाहेर गेली, तेव्हा एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला समोर बसवून अर्धा तास हसतमुखाने अपमान केला होता. तेव्हापासून आमच्या राइस कुकरमध्ये तिघांच्या रेघेपर्यंतच तांदूळ पडतात. मी, नवरा आणि मुलगी, तिघं, तीन वाट्या भात, संपलं. माझी मुलगी तर शाळेच्या जेवणामुळे इतकी तयार झालीय की ताटात एक दाणा ठेवत नाही. माझ्या भाजीवर नाक मुरडते, तेही जपानीत, पण संपवते.

आई आली तशी मी ही शिस्त तिलाही सांगितली. ती म्हणाली, "बरं गं. तुमचं चाललंय तसं चालू दे."

फोटो पडू लागले. चौऱ्याहत्तर. बहात्तर. सत्तर. दादा विचारायचा, "देतेस तरी काय तिला?" मी नाक वर करून मिसो सूप, टोफू, स्टेशनचे जिने वगैरे सांगायचे. खरं तर जिने आई चढतच नव्हती, तिच्यासाठी आम्ही लिफ्ट शोधत फलाटाच्या टोकापर्यंत जायचो. पण ग्रुपवर ते कोण लिहिणार? धाकटीने लिहिलं की याचा पाया जर्मनीत घातला गेला. मला तिचा भयंकर राग आला.

आईला येऊन अडीच महिने झाले आणि एका शनिवारी सकाळी अडुसष्ट दिसलं. मी रविवारची वाटसुद्धा पाहिली नाही, तिथल्या तिथे फोटो टाकला. दादाने लगेच पुण्याला फोन लावला, आणि दुपारच्या जेवणाआधी त्याचा निरोप आला की डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात बोलावलंय. तिथे पुन्हा वजन करतील आणि बरोबर भरलं तर आठवड्यात ऑपरेशन. मी आईला मिठी मारली. ती मला एकदम लहान वाटली, पण मला त्यातही आनंदच झाला, हे आता लिहिताना लाज वाटते.

दुपारी मी पिठलं-भात केला. आई म्हणाली, "तुम्ही बसा, मी वाढते." ती रोजच म्हणायची. मी सकाळी सव्वासातला घर सोडते आणि आठला परत येते, नवरा त्याहून उशिरा. जेवायला बसलं की मी विचारायचे, "आई, तुला वाढू?" ती म्हणायची, "नको, मी मागाहून बसते." इथे नको म्हणजे नको असतं, आणि तीच सवय मलाही लागली होती. मी दुसऱ्यांदा विचारत नसे. जेवून लॅपटॉप उघडायचे.

त्या दिवशी लिंबू आणायला मध्येच उठले. आई ओट्याशी उभी राहून उलथन्याने कढईतली खरवड काढत होती. कुकर उघडा होता, रिकामा. ती खरवड तिने तळहातावर घेतली आणि तोंडात टाकली.

"आई, तुझं जेवण?"

"हे काय, चाललंय की."

"भात कुठाय?"

"संपला. पुरेसा होता तुम्हाला."

मी कुकरकडे बघितलं. तिघांची रेघ. अडीच महिन्यांत मी ती रेघ चौघांची केली नव्हती. नवऱ्याने केली नव्हती. पण आईनेही केली नव्हती, आणि माझा सगळा राग तिच्यावरच निघाला. मी ओरडलेच, "तुला सांगता येत नाही? तोंड नाही का तुला? धाकटीकडेही हेच केलंस?"

"ती मोजून पाव काढायची बाई. माणशी दोन. मला विचारायची, मी म्हणायचे भूक नाही, की ती पिशवी बंद करून ठेवायची."

"आणि दादाकडे कसं वाढलं मग?"

"त्याची पोरं अर्धं ताट तसंच ठेवून उठायची. पिझ्झाच्या कडा, मॅकरोनी, काय काय. टाकायचे गं ते सगळं. मला टाकवत नाही." मग म्हणाली, "तिथे पोट भरायचं."

 अमेरिकेची चरबी, युरोपची शिस्त, जपानची रेघ, दीड वर्ष आम्ही तिघं शिकलेली माणसं यावर भांडलो. आणि आई आयुष्यभर करत आली तेच तिन्ही देशांत करत होती. सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते खायचं, दिवसभर घरी एकटी असली तरी स्वतःपुरतं काही शिजवायचं नाही. जिथे उरलं तिथे ती जाड झाली, जिथे उरलं नाही तिथे उपाशी राहिली. लहानपणी मी हे रोज बघितलं होतं, आणि तरी मला कधी विचारावंसं वाटलं नाही की आपली आई जेवते कधी.

"पण सांगायचंस ना," मी पुन्हा म्हटलं. 

"काय सांगू? मला वाढा म्हणून?"

 मी तांदूळ धुतले, चांगले दोन माप, कुकर लावला. मुलगी टेबलावरून विचारत होती काय झालं, नवरा तिला गप्प करत होता. भात होईपर्यंत मी कढईत पुन्हा पिठलं हाटलं, खूप तेल घालून, आईला आवडतं तसं. मग तिला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, ताट मांडलं आणि वाढलं. ती मोकळी बसेना. आम्ही तिघं बघतोय म्हणून तिला घास उतरेना. मी नवऱ्याला आणि मुलीला बाहेर पाठवलं.

मग ती जेवली. भराभर, मान खाली घालून. ताटातला भात संपला तेव्हा मी डाव भरून पुढे केला.

तिने ताटावर हात आडवा धरला. "अगं, पुढच्या महिन्यात काट्यावर उभं राहायचंय. आज हे खाल्लं, उद्याही खाल्लं, की परत सत्तर होणार. मग गुडघे तसेच. ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग जेवेन."

मी म्हणणार होते की खड्ड्यात गेलं ते वजन. पण माझ्या डोक्यात आधी आकडाच आला. अडुसष्ट, आणि अजून चार आठवडे. आई माझ्याकडे बघत होती, हात ताटावर तसाच होता. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. डाव कुकरमध्ये रिकामा केला आणि झाकण लावलं.