दुसरी कुदळ

शेवटचं एकत्र काम म्हणजे मी आणि माझ्या म्हातारीनं अंगणात मोहाची फुलं वाळत घातली. दुपारी तिच्या छातीत कळ आली. पाड्याला रस्ता नाही, झोळीतून दवाखान्याकडं नेली. ओढ्याच्या दगडांतच तिनं मान टाकली.

दहाव्याला तालुक्याचे सरकारी साहेब आले, हात जोडले. "बाबा, सरकारनं आदिवासींवर अन्याय केला. माफ करा." डोळे ओले होते त्यांचे, खोटं कसं म्हणू? ऐकून जरा बरंही वाटलं.

पण आमच्यात ज्याची बकरी दुसऱ्याचं शेत खाते, तो माफी मागतो आणि स्वतः कुंपणही बांधून देतो.

"माफी पोचली, साहेब. रस्ता कधी?"

"वर कळवतो, बाबा."

दुसऱ्या सकाळी दोन कुदळी घेऊन ओढ्यावर गेलो. एकीनं वाट खणायला लागलो. दुसरी साहेबांसाठी ठेवली.