राउटरची दारं

चार घरांचे राउटर नीट करून आलो की एखादा किस्सा खिशात पडलेलाच असतो. सांगायला बरा वाटतो, निस्तरायला नाही. राउटरला दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. लागतं तेवढंच उघडं ठेवायचं, बाकी फायरवॉल लावून बंद. बारामती ते इंदापूर हेच सांगून माझा घसा बसलाय.

*

सुप्याच्या रशीदभाईंचं पुढं किराणा दुकान, मागं घर. अवघड पासवर्ड ठेवून दिला आणि बजावलं, कुणाला सांगू नका. पुन्हा गेलो तर दुकानाच्या भिंतीवर, तेलाच्या भावाशेजारी, पासवर्ड रंगवलेला!

"म्या न्हाय सांगितला कुणाला," रशीदभाई म्हणाले. "त्यांनीच वाचला."

*

माळेगावचे तात्या रिटायर माणूस. चोर राउटरमधून शिरतात, एवढंच त्यांनी ध्यानात ठेवलं. मग तक्रार आली, रेंज येत नाही. राउटर लोखंडी कपाटात, वायरीपुरतं भोक पाडलेलं, किल्ली तात्यांच्या करगोट्याला.

"आता कोण शिरतंय बघू."

*

इंदापुरात आबांना पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढून दिलं. आबांचा चेहराच उतरला. "पाव्हण्याला येगळं? त्ये न्हाय जमायचं."

दिवाळीनंतर पाहिलं. येईल त्या पाहुण्याला घरचं नेटवर्क, आणि आबा स्वतः पाहुण्यांच्या नेटवर्कवर. मी चहा पिऊन निघालो.

*

वरकुट्यात आक्का एकट्या राहतात. पुण्यातल्या मुलानं घरात मान वळवणारा कॅमेरा बसवून दिलाय. नेट हळू चालतं म्हणून मला बोलावलं, तेव्हा आक्का ताट घेऊन कॅमेऱ्यासमोर जेवायला बसल्या होत्या.

"पोरगं बघतंय," त्या म्हणाल्या. "मी चुलीकडं गेले की त्ये बी मान तिकडं वळवतंय. गुडघ्याचं दुखणं त्यालाच सांगती."

मोबाईलवर राउटरची सेटिंग उघडली. कॅमेऱ्याचं पोर्ट सताड उघडं, पासवर्ड खोक्यातून आला तोच, आणि रोज कुणीतरी आत शिरलेलं. बाहेर जाऊन मुलाला फोन लावला.

"ते कॅमेऱ्याचं ॲप? मोबाईल बदलल्यापासून टाकलंच नाही हो."

तसाच आत पळालो. पोर्ट बंद केलं, पासवर्ड बदलला, मुलाला ॲप टाकायला लावलं. आक्कांना सांगायचं जिवावर आलं, नाहीच सांगितलं.

काल आक्कांचा फोन आला.

"बाबा, तू काय करून गेलास? कॅमेरा भिंतीकडंच बघत बसलाय. पहिल्यासारखं करून दे. पोरगं माझ्याकडं बघंना झालंय."