सुमेधचा अर्धवट क्यूब

मंडळी, आज सकाळी मी आपल्या क्यूबवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं, "तुमचा सगळ्यात खुळा छंद कोणता? फोटो टाका."

सुमेधच्या नंबरवरून अर्धवट सुटलेल्या रुबिक क्यूबचा फोटो आला. आम्ही सवयीनं लगेच चाली सुचवल्या. एकानं टर उडवली, "इतक्यात विसरला काय गा?"

उत्तर आलं, "मी त्याची बहीण. सुमेध मागच्या महिन्यात गेला. क्यूब अर्धवटच ठेवला होता त्यानं. आज पुसताना पडला, तुकडे निखळले. आईनं जमतील तसे बसवले, आता रडून राहिली. मले सोडवायचा नाही. त्यानं ठेवला होता तसाच करून पाहिजे."

इथले बरेच जण कुठलाही क्यूब मिनिटात सोडवतात. हे कोणालाच जमेना.

जाण्याआधी त्यानं तुमच्यापैकी कोणाला त्या अर्धवट क्यूबचा फोटो पाठवला होता का?