बैलाच्या जागी सेराटोसॉरस

नाताळआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार, चर्चमधला सकाळचा मिस्सा आटोपल्यावर. हजर : सासरे (चाकांच्या खुर्चीत), सासूबाई, नवरा, मी. गैरहजर : मुलगी, बारावीच्या जादा वर्गामुळे. काम : ओसरीवर नाताळचा गोठा उभा करणे.

वसईतल्या गिरीज गावच्या आमच्या घरात गोठा दरवर्षी सासरेच करत. वाडीतल्या वाळक्या केळीच्या पानांचं छप्पर, हिरवळीसाठी परातीत पेरलेली नाचणी, आणि बैलाच्या जागी डायनासोर. मातीचा बैल मुलीच्या हातून फुटला तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिचं रडणं थांबेना, म्हणून सासऱ्यांनी तिचा रबरी सेराटोसॉरस गव्हाणीशेजारी उभा केला. "नाकावर शिंग आहे ना? मग झाला बैल."

"अहो, मांस खाणारं जनावर ते," सासूबाई म्हणाल्या. "बाळ येशूच्या उशाशी?"

"जेवून आलाय तो."

पुढे मुलीने वाचलं, की ज्युरासिक काळातल्या या प्राण्याची हाडं अमेरिकेत सापडली तशी पोर्तुगालातही सापडली. सासरे खूश. "पोर्तुगालचा? मग वसई त्याला नवी नाही." गोठा बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागे.

यंदा पावसाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर पडून असतो. व्यायाम करून घ्यायला येणारी फिजिओथेरपिस्ट म्हणते, बोटं हलतील, पण त्यांनी मनावर घ्यायला हवं. ते घेत नाहीत. चेंडू दिला, राजमा वेचायला दिला, कणकेचा गोळा दिला. ते भिंतीकडे बघत बसतात. सकाळी त्यांची अंघोळ, मग माझं शाळेचं ऑफिस, संध्याकाळी पुन्हा तो हात चोळणं. हल्ली रिक्षात बसल्याबसल्या माझा डोळा लागतो.

म्हणून त्या रविवारी काम लवकर उरकावं, या हिशेबाने मी बाजारातून तयार बैल आणून ठेवला होता. प्लास्टरचा, दोन शिंगांचा. तो गव्हाणीजवळ मांडला.

"हा कोण?" सासऱ्यांनी विचारलं. त्यांचे शब्द आता जड येतात.

"बैल, बाबा."

"आपला कुठाय?"

"माळ्यावर. आता कोण चढणार?"

"मग राहू दे गोठा."

कित्येक आठवड्यांत त्यांनी काही मागितलं नव्हतं. मी शिडी आणली. डायनासोर पत्र्याच्या डब्यात सापडला, धुळीने माखलेला, पण नाकावरचं शिंग शाबूत. तो त्यांच्या मांडीवर ठेवून मी हात पुसायला वळले, तोच सासूबाईंनी माझा पदर ओढला.

उजवा हात सरकला होता. बोटं शेपटीभोवती हळूहळू मिटली. जनावर वर उचललं गेलं, गोठ्याच्या काठापर्यंत पोचलं, आणि सुटून नाचणीत आडवं पडलं.

नवरा ते उभं करायला वाकला.

"हात लावू नको. मी ठेवीन."

"ठेवा हो, कोण नको म्हणतंय," सासूबाई म्हणाल्या. "नाचणी तेवढी झोपवलीत."

तेव्हापासून माझं एक काम वाढलं आहे. रोज संध्याकाळी खुर्ची ओसरीवर न्यायची, डायनासोर मांडीवर द्यायचा आणि शेजारी उभं राहायचं. कधी बोटं मिटतच नाहीत. कधी मिटतात, तर उघडत नाहीत. आत कुकरच्या शिट्ट्या होत राहतात. मध्ये मीच हळूच हात पुढे केला, तर त्यांनी असं पाहिलं की मी तो मागे घेतला. शेजारणी विचारतात, "यंदा तुमचा शिंगवाला कुठे?" सासरे सांगतात, "वाटेत आहे. लांबून यायचंय त्याला."

आज नाताळचा आदला दिवस. चांदणी लावली. करंज्या झाल्या, केक झाला, नाचणी दुसऱ्यांदा पेरून उगवली. प्लास्टरचा बैल खोक्यात परत गेला. गोठा आम्ही जानेवारीतल्या तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतो, म्हणजे अजून थोडे दिवस आहेत.

बाकी : गव्हाणीशेजारची जागा.